प्लॅटिनमच्या नाण्याची किंमत कशी ठरवायची?

प्रश्न : माझे काका अमेरिकेत नोकरीला होते. ते वारल्यावर त्यांनी माझ्या नावे ठेवलेलं प्लॅटिनमचं नाणं चुलतभावाने आणून दिलं. सीलबंद प्लास्टिकच्या डबीत आहे. लेबलवर १९९८, १०० डॉलर आणि 'एमएस ६९' असं आहे. इंटरनेटवर अशाच नाण्याला कुणी दुप्पट किंमत लावली आहे, तर अलिबागच्या एका सराफाने फारच कमी भाव सांगितला आणि दुसऱ्याने नाणं घ्यायलाच नकार दिला. निसर्ग वादळात आडवी झालेली नारळ-सुपारीची वाडी अजून पुरती उभी राहिलेली नाही, म्हणून विकायचा विचार आहे. खरी किंमत काय धरू?
— एक वाचक, रेवदंडा

उत्तर : तुमच्याकडे आहे ते 'अमेरिकन प्लॅटिनम ईगल'. अमेरिकी टांकसाळीने ही मालिका १९९७ मध्ये सुरू केली. एका बाजूला स्वातंत्र्यदेवीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला सूर्यासमोर झेपावणारा गरुड असतो. १०० डॉलरचं नाणं एक औंसाचं. वजन ३१.१२ ग्रॅम, शुद्धता ९९.९५ टक्के, म्हणजे आत शुद्ध प्लॅटिनम ३१.१ ग्रॅम, आपल्या मापात सुमारे २.६७ तोळे. नाण्यावरचे १०० डॉलर नावापुरते आहेत, विक्रीच्या हिशेबात ते धरू नका.

पहिला हिशेब धातूचा करा. त्या दिवशीचा प्लॅटिनमचा ग्रॅमचा भाव घ्या आणि ३१.१ ने गुणा. समजा, भाव ४,००० रुपये ग्रॅम आहे, तर धातूची किंमत १,२४,४०० रुपये होते. हा आकडा फक्त हिशेबासाठी धरला आहे. भाव मात्र विकायच्या दिवशीचाच घ्या, काकांच्या जुन्या बिलावरचा नको. मार्च २००८ मध्ये प्लॅटिनम औंसाला २,२०० डॉलरच्या वर गेलं होतं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हजाराच्या खाली आलं. एकेकाळी ते सोन्यापेक्षा महाग असायचं, २०१५ पासून सोनं त्याच्या पुढे गेलं.

दुसरा हिशेब दर्जाचा. 'एमएस' म्हणजे टांकसाळीतून निघालेलं, व्यवहारात न फिरलेलं नाणं. दर्जा १ ते ७० या मोजपट्टीवर देतात. ७० म्हणजे पाचपट भिंगातूनही दोष दिसत नाही, ६९ म्हणजे एखादा बारीकसा ठिपका किंवा ओरखडा आहे. हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. शंभर वर्षांपूर्वीचं, हातोहात फिरलेलं नाणं चांगल्या स्थितीत मिळणं दुर्मीळ, म्हणून तिथे एका अंकाने किंमत कितीतरी वाढते. गुंतवणुकीसाठी पाडलेली आधुनिक नाणी मात्र बहुतेक वेळा ६९ किंवा ७० च ठरतात. त्यातून १९९८ मध्ये तुमच्या प्रकारची १,३३,००२ नाणी पाडली गेली. २००७ मध्ये हीच संख्या ७,२०२ होती. म्हणजे तुमचं वर्ष विपुल आहे आणि दर्जा सर्रास आढळणारा. ६९ साठी धातूच्या किमतीवर थोडी भर मिळाली तर आनंदाने घ्या, पण ती गृहीत धरू नका. त्याच वर्षाचं ७० दर्जाचं नाणं तुलनेने कमी सापडतं. इंटरनेटवर दुप्पट किंमत लावलेलं नाणं त्या दर्जाचं होतं का, ते आधी बघा. तसं नसेल तर ती विकणाऱ्याची अपेक्षा आहे, भाव नव्हे. भाव म्हणजे लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नाण्याचा आकडा.

लेबलवर वर्षानंतर इंग्रजी 'डब्ल्यू' आहे का, तेही पाहा. ते अक्षर वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीचं. संग्राहकांसाठी काढलेल्या नाण्यांवर ते असतं, गुंतवणुकीच्या नाण्यांवर नसतं. ते असेल तर नाणं वेगळ्या वर्गात जातं आणि किती नाणी पाडली गेली याचे वरचे आकडे त्याला लागू होत नाहीत.

आता सराफांविषयी. त्यांच्यावर रागावू नका. सोनं १,०६४ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १,७६८ अंशांना. सोन्याच्या भट्टीत ते वितळत नाही आणि सोन्याचा कस लावायची रोजची रीतही त्याला पुरी पडत नाही. शिवाय नाणं बंद डबीत. सराफाला ते मुंबईला शुद्धीकरणासाठी पाठवावं लागेल, तोवर पैसे अडकतील, आणि आपल्या किनाऱ्यावर प्लॅटिनमला दुसरं गिऱ्हाईक नाही. ही सगळी जोखीम तो भावातून वळती करतो. म्हणून झवेरी बाजारातल्या निदान तीन व्यापाऱ्यांकडून लेखी भाव घ्या. धातूच्या किमतीतून किती टक्के कापतात, एवढंच विचारा. वरच्या उदाहरणात शेकडा पाच कापले तर हातात सुमारे १,१८,००० येतील.

नाण्याबरोबर काकांचं बिल, वारसाचे कागद आणि भारतात आणताना कस्टमला दाखवल्याची पावती ठेवा. करासाठी काकांनी खरेदी केल्याची तारीख आणि किंमत धरतात. खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीची बाजारकिंमत धरता येते. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर सध्या साडेबारा टक्के कर आहे. विक्रीआधी सनदी लेखापालाचा सल्ला घ्या.

प्रश्न : डबी फोडून नाणं तपासलं तर चालेल का? नाणं खोटं निघालं तर?
— एक वाचक, चौल

उत्तर : डबी फोडू नका. फोडली की दर्जाचा दाखला संपला. आधी डबीवरचा क्रमांक पीसीजीएस किंवा एनजीसी, दर्जा ठरवणाऱ्या ज्या संस्थेचं लेबल असेल तिच्या संकेतस्थळावर तपासा. तिथे नाण्याचं छायाचित्र असेल तर ते हातातल्या नाण्याशी जुळवून बघा, कारण खऱ्या क्रमांकाच्या बनावट डब्याही निघतात. प्लास्टिकबाहेरून धातूची विद्युतवाहकता मोजणारं यंत्र मोठ्या व्यापाऱ्यांकडे असतं.

सुट्या नाण्याची परीक्षा घरीही होते. प्लॅटिनमची घनता २१.४५ आहे. एक औंसाचं ईगल दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबतं ठेवलं तर वजन सुमारे १.४५ ग्रॅमने कमी भरतं. त्याच आकाराचं टंगस्टनचं खोटं नाणं हवेतच तीन ग्रॅमने हलकं भरतं, चांदीचं तर निम्म्याहून हलकं. चुंबकाला चिकटलं तर प्रश्नच मिटला.

प्रश्न : वाडीत आळं खणताना तांब्याचं जुनं नाणं सापडलं. त्यालाही असा दर्जा लावून घ्यावा का?
— एक वाचक, आगरकोट परिसर, रेवदंडा

उत्तर : आधी कायदा सांगतो. जमिनीत दडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा ठेवा सापडला तर १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. आपलं जिल्हाधिकारी कार्यालय अलिबागलाच आहे. नाणं चिंचेने, राखेने घासू नका. त्यावरचा हिरवट थर आणि झिजलेली अक्षरं हाच त्याचा पुरावा आहे. रेवदंड्याचा कोट पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे १७४० मध्ये आला. अशा गावातलं नाणं नेमकं कोणत्या जागी, किती खोलीवर सापडलं, ही नोंद बाजारभावाहून मोलाची आहे. ती आजच लिहून ठेवा. ओळख पटवायला नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी विचारा.

पहिल्या दोन्ही वाचकांना एकच सांगणं. प्लॅटिनमचं आधुनिक नाणं वजनावर उभं असतं आणि दर्जा त्यावरची भर असतो. ती भर द्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक समोर असेल तेवढीच तिची किंमत. गरज असेल तर धातूच्या भावाने विका आणि वाडी लावा, त्यात तोटा नाही. गरज नसेल तर डबी, बिल आणि क्रमांक एकत्र ठेवा, आणि घरात आणखी एका माणसाला हे सगळं समजावून सांगा.