गीता ६.१६-१७ : गेम खेळणं आणि ‘युक्त’ असणं



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७. आधी आपापल्या पुस्तकातून दोन्ही श्लोक एकदा मोठ्याने वाचून घ्या, मग पुढे या.

हा ध्यानयोगाचा अध्याय. आसन कुठे घालायचं, पाठ-मान कशी ठेवायची, नजर कुठे लावायची हे सगळं सांगून झाल्यावर भगवंत एकदम जेवण आणि झोप या विषयांवर येतात. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, पार उपाशी राहणाऱ्यालाही साधत नाही. झोपेचंही तेच. आणि मग सतराव्या श्लोकात ‘युक्त’ हा शब्द तीन वेळा येतो: आहार-विहारासाठी, कर्मासाठी, झोपण्या-जागण्यासाठी.

आज मला फक्त ‘विहार’ या शब्दावर थांबायचं आहे. शब्दशः हिंडणं-फिरणं. पण मन रमवायला आपण जे जे करतो ते सगळं त्यात धरायला हरकत नाही. आणि आपल्या वयाच्या लोकांचा विहार आता बराचसा मोबाईलवरच चालतो, हे काही लपून राहिलेलं नाही.

रविवारच्या सत्संगात इंजिनिअरिंगच्या एका मुलाने विचारलं, “दादा, गेम खेळणं चुकीचं आहे का? आई म्हणते व्यसन लागलंय, मी म्हणतो नुसता टाइमपास आहे. खरं कुणाचं?” त्याला तिथल्या तिथे जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण प्रश्न नीट उत्तर देण्यासारखा आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. खेळ म्हटला की नाक मुरडायचं, ही आपली परंपरा नाही. सापशिडीचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. परंपरेने त्याचं नातं ज्ञानोबारायांशी जोडलं जातं. शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि शेवटचं घर मोक्षाचं. कृष्णाच्या बाललीला म्हणजे तर खेळच खेळ. त्यामुळे “भक्त आहेस आणि गेम खेळतोस?” असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही.

पण याच परंपरेत फासेही आहेत. दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगतात तेव्हा छळ करणाऱ्या गोष्टींच्या यादीत त्यांनी द्यूताचं नाव घेतलं आहे. म्हणजे फसवण्याची ताकद खेळात किती असते, हे त्यांना नेमकं ठाऊक आहे.

सभापर्वातली कथा आपल्याला माहीत असते, पण तिचा दुसरा भाग बहुतेक जण विसरतात. पहिल्या द्यूतात युधिष्ठिर सगळं हरला: राज्य, भाऊ, स्वतः, द्रौपदी. त्यानंतर धृतराष्ट्राने द्रौपदीला वर दिले आणि हरलेलं सगळं परत केलं. पांडव इंद्रप्रस्थाकडे निघालेही. तेवढ्यात वाटेत परत बोलावणं आलं, आणखी एक डाव खेळायला. आणि तो गेला! शकुनीचं कपट डोळ्यांनी बघितलेला, भर सभेत बायकोची विटंबना बघितलेला माणूस परत जाऊन पटासमोर बसला. त्या डावात बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास पदरी आला.

तो दुर्योधन नव्हता हो, धर्मराज होता. म्हणून मला पहिल्या डावापेक्षा या दुसऱ्या बोलावण्याची जास्त भीती वाटते. पहिल्यांदा माणूस मजेसाठी, मित्रांच्या आग्रहासाठी, आव्हान नाकारायचं कसं म्हणूनही बसतो. दुसऱ्यांदा काय होणार हे माहीत असूनही बसतो. रात्री दीड वाजता ‘ही शेवटची मॅच’ म्हणून मॅच संपवायची आणि बोटाने आपोआप पुन्हा ‘स्टार्ट’ दाबायचं, हा अनुभव ज्याला आहे त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

पुढे वनपर्वात काय होतं ते बघा. दुःखात बुडालेल्या युधिष्ठिराकडे बृहदश्व ऋषी येतात आणि नल-दमयंतीची कथा सांगतात. नलसुद्धा फाशांपायी राज्य गमावलेला राजा. त्याच्या अंगात कली शिरला होता. राजा ऋतुपर्णाने नलाला ‘अक्षहृदय’ म्हणजे फाशांच्या पोटातलं रहस्य शिकवलं, आणि ते शिकताक्षणी कली त्याच्या अंगातून बाहेर पडला. कथा संपल्यावर बृहदश्वांनी युधिष्ठिराला खेळण्याबद्दल शाप दिला नाही, शपथही घालायला लावली नाही. त्यांनी त्याला तेच अक्षहृदय शिकवलं. पुढे अज्ञातवासात तो विराटाच्या दरबारात कंक नावाने, द्यूत जाणणारा म्हणूनच राहिला. हातात तेच फासे होते, पण या वेळी ते त्याच्या ताब्यात होते.

मला वाटतं आपल्यालाही शिव्या-शपथांपेक्षा अक्षहृदयाची गरज आहे. मोबाईलवरचे फासे पडतात कसे, ते बघू.

कँडी क्रशसारख्या गेममध्ये ५ लाइफ मिळतात. संपल्या की एक लाइफ परत यायला अर्धा तास लागतो. वरवर बघता हा ब्रेक आहे. प्रत्यक्षात त्या अर्ध्या तासात गेम बंद असतो, पण तुम्ही सुटलेले नसता. पोळी लाटताना, लोकलमध्ये उभं असताना, अगदी माळ ओढतानाही आतून कुणीतरी ‘झालं का, झालं का’ विचारत राहतं. दुसरा फासा म्हणजे रोज हजेरी लावण्याचं बक्षीस. सात दिवस सलग आलात तर मोठं, एक दिवस चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून. तिसरा म्हणजे बंद पेटी: उघडल्यावर कधी काही मिळतं, कधी नाही, आणि कधी मिळेल ते ठरलेलं नसतं. दर वेळी नक्की मिळणाऱ्या बक्षिसाला मन लवकर कंटाळतं, अधूनमधून मिळणाऱ्याच्या मागे मात्र पळत राहतं. शकुनीला हे मानसशास्त्राच्या पुस्तकाशिवाय कळलं होतं. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा विकत घ्यायच्या पेट्यांना सरळ जुगारच ठरवलं.

आणि सगळ्यात घट्ट फासा म्हणजे मित्र. बीजीएमआयसारख्या गेममध्ये १०० पर्यंत खेळाडू एका नकाशावर उतरतात, मॅच अर्ध्या तासापर्यंत चालते आणि मध्येच थांबवायची सोय नाही. आई जेवायला हाक मारते तेव्हा तुम्ही उठलात तर टीममधले तिघे अडकतात. म्हणजे तिकडे मैत्रीचा शब्द, इकडे आईचा शब्द. घर सोडून पीजीत राहणाऱ्या कित्येक मुलांना तर दिवसभरात गप्पा मारायला मिळतात त्या याच हेडफोनवर. घरच्यांनी हे समजून घ्यायला हवं, नाहीतर ‘फेकून दे तो मोबाईल’ म्हणताना आपण पोराचे चार मित्रच फेकायला सांगतोय हे लक्षात येत नाही.

(हीच युक्ती आता नामजपाच्या काही अ‍ॅपमध्येही आली आहे. ‘तुमची ४३ दिवसांची साखळी तुटेल!’ साखळी तुटेल म्हणून घेतलेलं नाम आणि आठवण आली म्हणून घेतलेलं नाम यांत फरक आहे. मी तरी साधी तुळशीची माळ बरी समजतो.)

पैसे लावून खेळायच्या गेमबद्दल फार बोलत नाही, ते द्यूतच आहे. २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीही घातली. पण कायदा होईपर्यंत थांबायची गरज आपल्याला नव्हती. सभापर्व घरात होतंच.

मग उरलेल्या गेमचं काय? किती तास चालतील? इथे ‘युक्त’ कामाला येतो. ‘युज्’ म्हणजे जोडणं, जुंपणं. योग त्याच धातूचा, आणि बैलाच्या मानेवरचं जूसुद्धा त्याच कुळातलं. जुंपलेला बैल आणि मोकाट सुटलेला बैल दोघेही चालतातच, पण कासरा कुणाच्या हातात आहे यावर सगळं अवलंबून असतं. २०२३ मध्ये बीजीएमआय भारतात परत आला तेव्हा कंपनीने स्वतःच मर्यादा जाहीर केली: १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास, मोठ्यांना ६ तास. सहा तास! नोकरी, प्रवास, झोप वजा केली तर कुणाकडे एवढे उरतात? कंपनीने घातलेली मर्यादा आणि भगवंतांनी सांगितलेलं प्रमाण एकच समजू नका.

तास मोजण्यापेक्षा मी दुसरी खूण बघतो. दुसऱ्या अध्यायात, श्लोक ६२-६३ मध्ये, घसरणीची एक साखळी दिली आहे. विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, मग इच्छा, मग क्रोध, मग मोह, स्मृती ढासळणं आणि शेवटी बुद्धीचा नाश. आसक्ती आतली, ती कबूल करायला आपण तयार नसतो. पण क्रोध बाहेर दिसतो, घरातल्या सगळ्यांना दिसतो. जेवायला हाक मारल्यावर तुमच्या तोंडून कोणत्या सुरात उत्तर येतं? नेट गेल्यावर कुणावर ओरडता? भावाबरोबर रविवारी दोन तास क्रिकेटचा गेम खेळून हसत ताटावर बसणारा मुलगा मला त्या माणसापेक्षा जास्त युक्त वाटतो, जो वीसच मिनिटं खेळतो पण उरलेला दिवस धुमसत असतो.

क्वचित कुणाच्या बाबतीत साखळी फार पुढे गेलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झालं, ‘गेमिंग डिसऑर्डर’ला जागा आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमलाच महत्त्व येणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, असं साधारण वर्षभर चालू असेल आणि अभ्यास-नोकरी-घर कोलमडत असेल, तर तो आजार आहे. अशा वेळी कृपा करून कुणाला ‘नुसतं नाम घे, सुटेल’ असं सांगू नका. नाम घ्यावंच, पण मनोविकारतज्ज्ञाकडेही जावं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये यासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक चालतं. ताप आल्यावर डॉक्टरकडे जाताना आपली श्रद्धा कमी होत नाही, मग इथे का व्हावी?

आपल्यापैकी बहुतेक जण या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहोत. नक्की कुठे, ते कळायला एक सोपा उपाय आहे. येत्या एकादशीला गेमचाही उपास करा. अ‍ॅप काढून टाकू नका, फक्त त्या दिवशी उघडू नका. आणि दिवसभर मनाकडे बघा. हात किती वेळा त्या आयकॉनकडे गेला? कुठल्या वेळी जास्त गेला: कंटाळा आला तेव्हा, एकटं वाटलं तेव्हा, की ऑफिसात कुणी बोललं तेव्हा? ते एका कागदावर लिहून ठेवा. हे तुमचं स्वतःचं अक्षहृदय, ते दुसरा कुणी शिकवू शकत नाही. आणि द्वादशीला ‘एकादशी, दुप्पट खाशी’ करू नका. सोळाव्या श्लोकातली दोन्ही टोकं मग एकाच आठवड्यात गाठाल!

बाकी दिवसांसाठी माझं एवढंच सुचवणं आहे: नोटिफिकेशन बंद ठेवा, म्हणजे बोलावणं त्यांच्याकडून येणार नाही. खेळायचं असेल तेव्हा आपण होऊन जा, संध्याकाळचं नाम झाल्यावर जा, आणि किती मॅच ते बसण्याआधी ठरवून टीमलाही सांगून टाका. “दोन मॅच, मग मी निघतो” असं आधी सांगितलं की मित्र अडकत नाहीत आणि तुम्हीही अडकत नाही. दोन मॅचनंतर उठता आलं नाही, तर तेही त्याच कागदावर लिहा.

एकादशीचा कागद लिहून झाला की जमल्यास रविवारी सत्संगाला घेऊन या. वाचून दाखवायची सक्ती नाही.

उद्याचं वाचन: अध्याय ६, श्लोक १८ आणि १९. वारा नसलेल्या जागी तेवणारा दिवा.

जय हरि.