मोफत ॲप : गिऱ्हाईकाला फुकट, दुकानदाराला किती?

‘तुमच्या दुकानाचे ॲप करून देतो, फुकटात दुनियाभर पोहोचाल’ असे सांगणारे तरुण आता भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या कापडपेठांतही भेटतात. सौदा वाईट नाही. पण ‘मोफत ॲप’ म्हणजे गिऱ्हाईकाला मोफत. मालकाला त्याचा खर्च असतोच, आणि तो तीन प्रकारचा आहे : एकदाच लागणारा, दरवर्षी लागणारा आणि विक्रीवर टक्क्याने कापला जाणारा. हे तिन्ही वेगवेगळे मांडले तर फसगत होत नाही.

१) एकदाच लागणारा खर्च

अँड्रॉइड फोनसाठी ॲप गूगल प्ले या दुकानात ठेवावे लागते. तिथे खाते उघडण्याची फी २५ डॉलर, म्हणजे दोन हजार रुपयांच्या थोडे वर. ती आयुष्यात एकदाच. त्या खात्यावर पुढे कितीही ॲप ठेवा, पुन्हा नोंदणी फी नाही. फी डॉलरमध्ये कापली जाते, म्हणून परदेशी व्यवहार चालू असलेले कार्ड लागते.

खाते व्यक्तीच्या नावे किंवा पेढीच्या नावे उघडता येते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या व्यक्तिगत खात्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी निदान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आधी ही संख्या २० होती. पेढीच्या खात्याला ही अट नाही, मात्र त्यासाठी डी-यू-एन-एस हा व्यापारी ओळख क्रमांक लागतो. तो फुकट मिळतो, पण थोडे दिवस जातात. ईदच्या गर्दीसाठी ॲप हवे असेल तर हे दिवस आधीच धरा.

२) दरवर्षी लागणारा खर्च

आयफोनचे दुकान ॲपलचे. तिथली फी ९९ डॉलर, आणि ती दरवर्षी. पाच वर्षांचा हिशेब केला तर गूगलला २५ डॉलर, ॲपलला ४९५ डॉलर. ज्या वर्षी फी भरली नाही, त्या वर्षी ॲप दुकानातून उतरते. शिवाय आयफोनचे ॲप तयार करायला ॲपलचाच संगणक वापरावा लागतो. म्हणून आधी आपल्या गिऱ्हाइकांच्या हातात कोणता फोन आहे ते पाहा. बहुतेकांकडे अँड्रॉइड असेल तर ॲपलची घाई करू नका.

अँड्रॉइडलाही देखभाल लागतेच. गूगल दरवर्षी नव्या अँड्रॉइडनुसार ॲप सुधारायला सांगते. बराच काळ सुधारले नाही तर नव्या फोनवाल्या नव्या गिऱ्हाइकाला ते दुकानात दिसेनासे होते. ही वार्षिक मजुरी ॲप बनवणाऱ्याशी आधीच ठरवावी.

३) टक्क्याचा खर्च

इथे गैरसमज फार आहे. ‘विक्रीतले ३० टक्के कंपनी घेते’ असे ऐकून अनेकजण मागे फिरतात. ही दलाली ॲपच्या आतच वापरल्या जाणाऱ्या मालावर आहे. साडी, लुंगी, चादर, चप्पल असा हाताने धरता येणारा माल ॲपवरून विकला तर गूगल किंवा ॲपल त्यावर दलाली घेत नाहीत. पैसे घेण्याची सोय तुम्ही तुमची करता, तिचे शुल्क असेल तेवढेच.

समजा, एखाद्या शिंपीभाईने कटिंगचे धडे ॲपमध्येच २०० रुपयांना विकले. तिथे दलाली लागते. २०२१ पासून दोन्ही कंपन्यांनी छोट्या ॲपवाल्यांसाठी वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलर कमाईवर १५ टक्क्यांची सवलत ठेवली. त्या दराने ३० रुपये जातात, १७० उरतात.

एक नियम लक्षात ठेवा : गूगलवर एकदा मोफत म्हणून ठेवलेले ॲप नंतर विकतचे करता येत नाही. त्यासाठी नवे ॲपच ठेवावे लागते.

खाते कोणाच्या नावे?

पैशापेक्षा मोठा मुद्दा हाच आहे. फी वाचवण्यासाठी काही दुकानदार ॲप बनवणाऱ्याच्याच खात्यावर ॲप ठेवतात. म्हणजे दुकान आपले आणि गाळ्याची चावी दुसऱ्याच्या खिशात. उद्या बेबनाव झाला, तर ॲप दुसऱ्या खात्यावर नेता येते, पण त्याची संमती असेल तरच. त्याने नकार दिला तर नवे ॲप काढावे लागते, आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या फोनमधले ॲप, त्यांनी दिलेले अभिप्राय, सारे तिथेच राहते. २५ डॉलर वाचवून जमवलेली गिऱ्हाइकी गहाण टाकू नये. खाते आपल्या नावे, आपल्या ईमेलवर उघडा आणि बनवणाऱ्याला त्यात कामापुरता प्रवेश द्या. ॲपचा मूळ कोड तुम्हाला मिळेल, हे मजुरी देण्याआधी कागदावर लिहून घ्या.

ॲप हवेच का?

माल दाखवणे आणि ऑर्डर घेणे एवढेच काम असेल, तर व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ पासून फुकट आहे. त्यात मालाची फोटो व दरासह यादी लावता येते. ठरलेली गिऱ्हाइके वारंवार माल मागवतात, उधारी-वसुली फोनवर दाखवायची आहे, अशी गरज असेल तेव्हा ॲपचा विचार करावा.

कापड घेताना आपण पन्हा पाहतो, वजन पाहतो, मग भाव करतो. ॲप घेतानाही एकदाचा खर्च, सालाना खर्च, टक्का आणि खात्याची मालकी या चार गोष्टी वहीत लिहा आणि मगच विसार द्या.