जुन्या रुपयांवरील सराफी खुणा

जुना चांदीचा रुपया निरखून पाहिला, तर फारसी अक्षरांच्या मधेच एखादी चांदणी, फूल किंवा टिंबांचा पुंजका ठोकलेला आढळतो. आमच्या लालबागेत अशा रुपयाला कुणी ‘मंतरलेला’ म्हणतात, तर कुणी खोटा समजून मोडीत घालतात. दोन्ही समज निराधार आहेत.

प्रथम पाहावयाचे ते हे की, खूण टांकसाळीची की नंतरची? टांकसाळीची खूण ठशातच कोरलेली असल्याने अक्षरांप्रमाणेच उठून दिसते. पेशवाईतील अंकुशी रुपयावरचा अंकुश हा त्यातलाच. नंतर ठोकलेली खूण मात्र चांदीत रुतते, वाटेतले अक्षर तोडते, आणि नाणे उलटे केल्यास बहुधा त्याच जागी मागची बाजू सपाट झालेली दिसते. बोटाने चाचपले तरी फरक कळतो.

या खुणा सराफांच्या. त्या काळी रुपया नुसता मोजून नव्हे, पारखून घेत. अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना रुपये बाजारात फिरत. वजन व कस निरनिराळे. शिवाय मोगली रिवाजाप्रमाणे नवा तो ‘सिक्का’, जुना झाला की ‘चलनी’, मागील बादशहाचा तो ‘खजाना’. आणि त्या मानाने बट्टा वाढे. (नावाला बट्टा लागतो तो हाच शब्द!) आत तांबे नाही ना, हे पाहण्यासाठी सराफ टाचा मारी आणि खात्री पटली की आपली खूण ठोकी. तेव्हा ज्यावर खुणा अधिक, तो अधिक वेळा पारखलेला. १८३५ मध्ये कंपनीने १८० ग्रेनचा एकच रुपया सर्वत्र लागू केला आणि या धंद्याला उतरती कळा लागली.

माझ्या आजीच्या माळेत असा एक रुपया होता. माळ मोडायला नेली तेव्हा एका पेढीवर त्याला ‘डागी’ ठरवून भाव पाडला. आजीला अक्षरओळख नव्हती. ती गप्प राहिली. वास्तविक तो डाग म्हणजे दुसऱ्या एका सराफाचीच साक्ष होती.

हा रिवाज आपल्याकडेच होता असे नाही. मुंबईच्या टांकसाळीत १८९५ पासून चीन व मलायाकडील व्यापारासाठी चांदीचा डॉलर पाडीत. त्यावरील ब्रिटानियाच्या त्रिशूळाच्या मधल्या दात्यावर मुंबईचा बारीक ‘बी’ असतो. त्यातील कित्येकांवर चिनी व्यापाऱ्यांनी आपापली अक्षरे ठोकली आहेत.

घरी असा रुपया सापडल्यास राखेने घासू नये. खुणेची कड झिजते. वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवावी. अक्षरे काळी उमटतात, आणि रुतलेली खूण पांढरी राहते.