भिंतीतलं गाडगं

वऱ्हाडातल्या सोनाळ्यातलं आमचं जुनं घर धाब्याचं. पांढऱ्या मातीच्या भिंती, त्याही हातदीड हात रुंद. एका श्रावणात आठ दिवस झड लागली आणि मागची भिंत बसली. पाऊस उघडल्यावर माती उपसायला घेतली तेव्हा फावड्याला खणकन काहीतरी लागलं. बघितलं तर गाडगं, आणि गाडग्यात तांब्याचे पैसे. जाड, वेडेवाकडे, हिरवे पडलेले, काही एकमेकांना घट्ट चिकटलेले. मोजले तर एकसष्ट भरले.

त्यानंतरच्या दोन दिवसांत मी जे केलं ते कुणी करू नये, म्हणून हे लिहितो आहे.

देवाची भांडी घासतात तसे मी ते पैसे चिंच आणि राखेनं घासले. हिरवा थर निघेना तेव्हा विटेची पूड घेतली. अडतीस नाणी नव्या तांब्यासारखी लखलखीत झाली आणि मला धन्य वाटलं. जी चिकटलेली होती, काही केल्या सुटत नव्हती, ती तेवीस मोडीत घातली. तांब्याच्या भावानं थोडेफार पैसे आले. फुटलेल्या गाडग्याच्या खापऱ्या उकिरड्यावर गेल्या.

मला लहानपणापासून नाण्यांचा नाद. भोकाचा पैसा, वाघाचा रुपया, कुणाच्या आजीनं दिलेला राणीछाप कलदार, सगळं पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं. पण गावात या नादाचं दुसरं माणूस नव्हतं. विचारायचं कुणाला? जे केलं ते माझ्या मतानं केलं.

पुढच्या वर्षी अकोल्यात कळलं की रविवारी सकाळी एका कापड दुकानाच्या माडीवर नाण्यांचे शौकीन जमतात. एक निवृत्त पोस्टमास्तर, एक सराफ, एक कॉलेजातला पोरगा, एक दर्जी, अशी सात-आठ माणसं. मी अडतीस नाणी रुमालात बांधून गेलो. सराफकाकांनी सतरंजीवर मऊ कापड अंथरलं, एक नाणं कडेला धरून उचललं आणि डोळ्याला भिंग लावलं. बराच वेळ कुणी बोललं नाही.

‘भाऊ, हे घासलं कायनं?’

मी सांगितलं.

‘अन् बाकीचे कुठी हायेत?’

तेही सांगितलं. त्यांनी नाणं कापडावर ठेवलं आणि मला जवळ बसवून घेतलं. रागावले नाहीत. त्या दिवशी त्यांनी जे समजावलं ते मी आजवर विसरलेलो नाही.

जुन्या काळी तांब्याचं नाणं हातानं पाडत. तांब्याची चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवायची आणि वरून घण मारायचा. पण ठसा मोठा, चकती लहान. त्यामुळे ठशावरचा सगळा मजकूर एका नाण्यावर कधीच उतरत नाही. एकावर राजाच्या नावाचा अर्धा भाग येतो, दुसऱ्यावर सालाचे आकडे, तिसऱ्याच्या काठावर टांकसाळीच्या गावाची दोन-तीन अक्षरं. एकाच ठशाची वीस-पंचवीस नाणी शेजारी शेजारी मांडली, की तुकडे जुळतात आणि ओळ पुरी वाचता येते. माझ्या नाण्यांवर फारसी अक्षरं होती. काकांना एलिचपूरचा, म्हणजे आपल्या अचलपूरचा संशय आला. मोगलांच्या काळात तिथं टांकसाळ होती, सातपुड्याच्या पलीकडे बुऱ्हाणपुरातही होती. पण नक्की सांगायला गावाच्या नावातली अक्षरं हवीत, आणि ती काठावर असतात. काठच मी विटेच्या पुडीनं सर्वांत जोरात घासला होता. जी तेवीस नाणी एकमेकांना चिकटून होती, त्यांच्या आतल्या बाजू कदाचित शाबूत असतील. ती तर वितळून गेली होती.

तो हिरवा-तपकिरी थर म्हणजे घाण नव्हे. तांब्यानं शे-दोनशे वर्षांत स्वतःवर चढवलेलं ते पुट असतं आणि खालची अक्षरं तेच राखतं. फार तर साध्या, शक्यतो डिस्टिल्ड पाण्यात भिजवून माती सुटू द्यावी, मऊ कापडानं टिपून घ्यावं आणि तिथंच थांबावं. हाताला लागणारी फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो रोग आहे, ते नाणं वेगळं काढून जाणकाराला दाखवावं.

त्याच दिवशी मी तऱ्हाळ्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं. आताच्या वाशीम जिल्ह्यातलं, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातलं हे गाव. १९३९ मध्ये तिथं सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला, दीड हजारांवर नाणी. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ती अभ्यासली, आणि पुराणांतल्या वंशावळीत नसलेल्या सातवाहन राजांची नावं त्या नाण्यांवर मिळाली. वऱ्हाडातल्या एका ठेव्यानं इतिहासात राजांची भर घातली, कारण तो ठेवा जाणकारापर्यंत एकत्र पोचला. माझा एकसष्टांचा ठेवा कितीही लहान असला, तरी त्यालाही काहीतरी सांगायचं असेल. ते काय होतं, हे आता कुणालाच कळायचं नाही.

कायद्याची गोष्टही मला तिथंच कळली, आणि ती ऐकून मी हबकलो. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ चा आहे आणि आजही लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही लपलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. घराची भिंतही त्यात आली. लपवून ठेवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लोक भितात की सरकार सगळं घेऊन जाईल. पण तसं नाही. दुसरा कुणी हक्कदार निघाला नाही आणि आपसांत वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा ज्याला ठेवा सापडला त्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला मिळतो. सरकारला ठेवा स्वतःकडे ठेवायचा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. कुठं जायचं कळत नसेल तर आमच्याकडच्या माणसानं संग्रामपूरच्या तहसिलीत अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. मोडीच्या भावात मला जे मिळालं त्यापेक्षा हे कितीतरी बरं होतं.

अकोल्याच्या माडीवर मी पुढं वर्षानुवर्षं जात राहिलो. पहाटेची एसटी धरायची, अकोटात गाडी बदलायची, दुपारी परत. ज्याला हा नाद आहे त्यानं आधी अशी चार माणसं शोधावीत, नाणी मागाहून. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. एकदा तरी पाहून यावं, डोळा तयार होतो. पण रोजचं शिक्षण माडीवरच. तिथं नाणं टेबलावर आपटून आवाज ऐकत नाहीत, कापडावर ठेवतात. दुसऱ्याच्या हातात असताना भाव विचारत नाहीत. आणि ‘मले नाही समजत’ म्हणायला तिथं कुणाला लाज वाटत नाही. पहिलं वर्षभर मी काहीच विकत घेतलं नाही, फक्त पाहिलं. नव्यानं येणाऱ्याला मी हेच सांगतो.

अशा मंडळीतही सावध राहावं लागतं. सगळे घेतायत म्हणून आपणही घ्यावं, ही ओढ फार मोठी असते. एकदा एक परका माणूस शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन घेऊन आला. खरा होन इतका दुर्मीळ की तो असा पिशवीतून फिरत नाही. तरी दोघांचे हात खिशाकडे गेलेच. पोस्टमास्तरांनी काटा काढला आणि कडेवरची बारीक रेघ भिंगाखाली दाखवली. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याला दोन साचे जुळतात तिथं अशी रेघ राहते. वजनही पाहावं. चांदीच्या कलदार रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. दशांशाच्या दोन घरांपर्यंत मोजणारा छोटा काटा फार महाग नसतो, तो घ्याच. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, पण वजन तेच ठेवलं. म्हणून नुसत्या वजनावर चांदीचा भाव देऊ नका, साल पाहा.

गावाकडच्यांना एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. आपल्या गावच्या सोनाजी महाराजांच्या यात्रेत, बाजारात किंवा फोनवर कुणी म्हणेल, ‘रामदरबाराचं १८१८ चं कंपनीचं नाणं आहे, तांदूळ ओढतं, कोटींना जातं.’ कंपनी सरकारनं रामदरबाराचं नाणं कधी पाडलंच नाही. ते मागाहून बनवलेले बिल्ले आहेत आणि कुठलंही नाणं तांदूळ ओढत नाही. ट्रॅक्टरच्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो मिळतील, आधी कर भरा, असं सांगणारेही तसलेच. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही आणि असलं कुठलंही शुल्क मागत नाही. आमच्या पंचक्रोशीत या पायी माणसांनी शेत गहाण टाकलेलं मी पाहिलं आहे.

माझी अडतीस नाणी अजून आहेत. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत कालांतरानं चिकट हिरवं पाणी सुटतं, म्हणून ती कागदी पाकिटांत ठेवली आहेत. प्रत्येकावर वजन, आणि ‘सोनाळा, मागची भिंत’ एवढं लिहिलेलं. सराफकाका आता नाहीत, पण त्यांनी लावलेली अक्षरांच्या नोंदींची वही मी चालू ठेवली आहे. माडीवर कुणी तसल्या घाटणीचं नाणं आणलं की मी त्याच्या काठावरची अक्षरं पेन्सिलीनं उतरवून घेतो. आतापर्यंत पाच उतरवली आहेत.

झडीनं यंदाही भिंती बसतील. मातीत काही दिसलं तर हात घालण्याआधी फोनवर फोटो काढा, गाडगं कुठं आणि किती खोल होतं ते लिहा. चिकटलेली नाणी चिकटलेलीच राहू द्या, आणि फुटलेल्या गाडग्याच्या खापऱ्याही जुन्या कापडात बांधून ठेवा. गाडगं कुठल्या काळातलं, ते जाणकाराला खापरीवरून सांगता येतं.