खालची बारीक ओळ

निवडणूक आली की गावात कागद वाटले जातात. वर मोठा फोटो, मोठी अक्षरे. सगळ्यांत खाली एक बारीक ओळ असते. मंडळी, तुम्ही आता वाचायला शिकलात. तेव्हा ती बारीक ओळ आधी वाचा.

त्या ओळीत कागद छापणाऱ्याचे आणि काढणाऱ्याचे नाव-पत्ता असतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ याचे कलम १२७-क तसे सांगते. नाव न घालता छापले तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नाव असले म्हणजे जाब कोणाला विचारायचा ते कळते.

आता पुष्कळसा प्रचार मोबाईलवर होतो. आपण गाणे बघत असतो. मध्येच एक पुढारी हात जोडून उभा राहतो. तो आपोआप येत नाही. त्याला तिथे उभे करायला कोणीतरी पैसे मोजलेले असतात. फेसबुकवर अशा ठिकाणी 'प्रायोजित' हा शब्द असतो. प्रायोजित म्हणजे पैसे भरून दाखवलेले. पैसे कोणी भरले, तेही तिथेच लिहिलेले असते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीपासून फेसबुक आणि गुगल या कंपन्या भारतात हे नाव दाखवू लागल्या.

सरकारी नियम त्याच्याही आधीचा आहे. टीव्हीवरची राजकीय जाहिरात आधी समितीला दाखवून मंजूर करून घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली तसा हुकूम दिला. निवडणूक आयोगाने २०१३ साली तोच नियम इंटरनेटच्या जाहिरातींना लावला. ही समिती जिल्ह्यात असते. जाहिरातीचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरतात. जाहिरात तयार करणाऱ्यांचा पगारसुद्धा त्यात येतो. २०२२ साली ठरलेली खर्चाची मर्यादा महाराष्ट्रात विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख रुपये आहे.

यात आपल्या घरची पोरेही सापडू शकतात. समजा, भाचा येऊन म्हणाला,

"मामा, आपल्या माणसासाठी मी पाचशे रुपये भरले. मोबाईलवर जाहिरात टाकली."

"त्यांनी लिहून दिलंय का तसं?"

"लिहून कशाला? मी माझ्या पैशानं केलं."

"पैसे तुझे, पण नियम सगळ्यांना आहे."

मामाचे बरोबर आहे. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहिता, कलम १७६. दंड दहा हजार रुपयांपर्यंत. पोराचा उत्साह खरा असतो, पण दंड घरालाच भरावा लागतो.

मात्र भाच्याने पैसे न भरता आपले मत आपल्या खात्यावर लिहिले, तर ती जाहिरात धरत नाहीत. त्याला समितीची मंजुरी लागत नाही. म्हणून खोटे लिहावे असे नव्हे.

व्हॉट्सअ‍ॅपवर एकाने दुसऱ्याला पाठवलेल्या चित्राखाली मात्र पैसे भरणाऱ्याचे नाव येत नाही. तिथे सर्वांत जास्त जपावे. कोणी बनवले ते कळत नसेल तर पुढे पाठवू नये, असे माझे मत.

मतदान संपायच्या आधीचे ४८ तास प्रचार बंद असतो. बुधवारी संध्याकाळी सहाला मतदान संपणार असेल, तर सोमवारी संध्याकाळी सहाला प्रचार थांबतो. त्या काळातली जाहिरात आयोगाने कळवल्यावर तीन तासांत काढू, असे कंपन्यांनी २०१९ साली कबूल केले आहे.

नाव नसलेली जाहिरात दिसली तर मोबाईलच्या पडद्याचा फोटो घेऊन ठेवा. तारीख, वेळ वहीत लिहा. मग १९५० या क्रमांकावर फोन करा, किंवा जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज द्या. जिल्हाधिकारी हेच जिल्हा निवडणूक अधिकारी असतात. हे सर्व लोकसभा व विधानसभेचे झाले. ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. तिचे नियम तहसील कचेरीत विचारावेत.