इंग्रजीतील तुलना : धरणावरून आणि उसावरून



लागणीच्या नोंदीसाठी आम्ही शिवारात फिरतो तेव्हा उसाबरोबर पोरांच्या अभ्यासाचाही विषय निघतोच. २००० सालापासून आपल्या जिल्हा परिषद शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी ‘आपल्याला कुठं इंग्रजी येतं, पोराला काय सांगणार?’ असे म्हणून पुष्कळ पालक गप्प बसतात. विशेषणांच्या तुलनेपुरते तरी हे खरे नाही.

‘टॉल, टॉलर, टॉलेस्ट’ हा तक्ता पोरगं घडाघडा म्हणतं, पण कशाची कशाशी तुलना चाललीय हे विचारा, की अडतं. म्हणून आधी मराठीतच विचारावे. सिद्धेश्वर धरण मोठे, त्यापेक्षा येलदरी मोठे, तिन्हींत इसापूर सर्वांत मोठे. आपल्याकडे ‘मोठे’ हा शब्द तसाच राहतो; काम करतात ‘पेक्षा’ आणि ‘सर्वांत’. इंग्रजीत शब्दालाच शेपूट लागते : बिग, बिगर, बिगेस्ट. (हे ‘बिगर’ म्हणजे बिगर-सभासदातले नव्हे!) ‘पेक्षा’च्या जागी ‘दॅन’ येतो, ‘बिगेस्ट’च्या आधी ‘द’. आता याच यादीत जायकवाडी घाला. इसापूरचा मान लगेच गेला! ‘एस्ट’ कोणाला लावायचे हे कोणाकोणाची तुलना चालली आहे त्यावर ठरते, आणि पोरं नेमकी इथंच चुकतात.

हे शेपूट परकेही नाही. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांतील ‘इष्ठ’ आणि इंग्रजी ‘एस्ट’ एकाच मुळातले भाऊबंद आहेत.

डिफिकल्टसारख्या लांब शब्दांना शेपूट न लावता आधी ‘मोर’, ‘मोस्ट’ येतात. दोन्ही एकदम नकोत. ‘मोर टॉलर’ म्हणजे आपल्या ‘अधिक उच्चतर’सारखेच झाले. गुड, बेटर, बेस्ट मात्र पाठच करावे लागते, त्याला इलाज नाही.

आता उसाकडे. पुरा न पिकलेला एक ऊस घ्या, वाढे काढून टाका आणि शेंड्याची, मधली व बुडख्याची कांडी पोराला चाखायला द्या. आमच्या रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्सचा आकडा बुडख्याकडे चढतो. तेच जिभेलाही कळते : स्वीट, स्वीटर, स्वीटेस्ट. महिना-दीड महिन्याने त्याच फडातला ऊस पुन्हा चाखवा. ऊस पिकत जातो तसा शेंड्या-बुडख्यातला फरक कमी होतो, तेव्हा ‘ॲज स्वीट ॲज’ शिकवावे. पोरगं तसं म्हणू लागलं की आम्हाला निरोप द्या, ब्रिक्स तपासायला येऊ.