नवी करवत, जुनं स्टँड : मोजमापाचा एक धडा (इयत्ता ८ वी ते १० वी)



मांडव्याला बोटीतून उतरून अलिबागच्या रस्त्याला लागा. दर थोड्या अंतरावर कुठे ना कुठे बंगल्याचं काम चालू असतं, आणि तिथे सुताराचं एक मशीन हमखास असतं. पातं गोल फिरतं, वरून खाली येतं, आणि लाकडाची पट्टी सरळ किंवा ४५ अंशांत कापली जाते. याला मायटर सॉ म्हणतात. कुणी चॉप सॉ म्हणतं, तर बरेच कारागीर नुसतं ‘कटर मशीन’. दार-खिडकीच्या चौकटी, फोटोफ्रेम, भिंतीच्या पट्ट्या यांचे कोपरे याच मशीनवर जुळतात.

खाऱ्या हवेत अशी मशीनं लवकर थकतात. मग नवीन मशीन येतं. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, त्यामुळे मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर घेतलेलं जड यंत्रसुद्धा गाडीत टाकून थेट इकडे आणता येतं. पण जुनं लोखंडी स्टँड अजून ठणठणीत असतं, ते कोण टाकून देईल? इथे खरी गंमत सुरू होते : नव्या करवतीची भोकं जुन्या स्टँडच्या भोकांवर बसत नाहीत.

आजचा धडा एवढ्यावरच आहे. वर्गात दोन ते तीन तासिका पुरतात. शाळेत अशी करवत नसली तरी हरकत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांसोबत घालवायची सूचना आहे. गावातल्या सुतारकाकांना बोलवा किंवा मुलांना त्यांच्याकडे न्या.

आधी एक नियम, मग बाकी सगळं

मुलं मोजतील, आखतील, बोल्ट लावतील. करवत चालवणार फक्त सुतारकाका किंवा प्रशिक्षित मोठी व्यक्ती. जोडणी पूर्ण होईपर्यंत प्लग भिंतीतून काढलेला असेल आणि तो सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवायचा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही.

का, ते मुलांनाच गणित करून कळू द्या. पात्याचा व्यास २५५ मि.मी. धरा, म्हणजे परीघ साधारण ८० सें.मी. मिनिटाला ४,८०० फेरे धरले तर दाताचं टोक मिनिटाला ३,८४० मीटर जातं. तासाला? जवळजवळ २३० किलोमीटर! फळ्यावर हे उत्तर आलं की वर्ग आपोआप गप्प होतो. नियम पाठ करून घेण्यापेक्षा हा आकडा जास्त काम करतो.

साहित्य

मोजपट्टी, गुण्या, सूतडोरी, जुनं वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा, टोकदार पेन्सिल, १८ मि.मी. जाडीचा पाण्यात टिकणारा प्लायवूड, ८ मि.मी.चे बोल्ट, मोठे वॉशर, नायलॉनची कडी असलेले नट, दोन पाने, ड्रिल.

पायरी १ : स्टँड ठेवण्याच्या लायकीचं आहे का?

नवी करवत आणण्याच्या उत्साहात हा प्रश्न कुणी विचारत नाही. नव्या करवतीचं वजन खोक्यावर लिहिलेलं असतं, स्टँडची क्षमता त्याच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत. करवत अधिक लाकूड, दोन्ही मिळून त्या क्षमतेच्या आत बसायला हवं. मग स्टँड रिकामं असताना वरून धरून चारही बाजूंना हलवून बघा. डुगडुगतंय? सांधे सैल असतील. पाय दुमडतात तिथे आणि नळीच्या खालच्या टोकाला गंज बघा, पाणी तिथेच साचतं. पेचकसाने टोचल्यावर पापुद्रे निघाले आणि आत पत्रा लागेना, तर ते स्टँड निवृत्त करा. पुढची कुठलीही पायरी त्याला वाचवू शकत नाही.

नवी करवत पुढे-मागे सरकणारी असेल तर आणखी एक गोष्ट बघा. तिचं डोकं मागे गेलं की गुरुत्वमध्यही मागे जातो. तो स्टँडच्या चार पायांच्या आत राहिला पाहिजे, नाहीतर अख्खं मशीन उलटेल. नववीच्या मुलांना इथे ‘गुरुत्वमध्य’ या शब्दाचा अर्थ डोळ्यांनी दिसतो.

पायरी २ : भोकं मोजणं

भोकाचा मध्य डोळ्यांना दिसत नाही, तिथे हवाच असते! मग दोन भोकांतलं अंतर मोजायचं कसं? मुलांना पाच मिनिटं झटू द्या. उत्तर सोपं आहे : एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. भोकं सारख्या मापाची असतील तर हेच मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर.

लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्ण मोजायला सांगा. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे, म्हणजे आयत. कर्ण वेगळे आले तर एकतर मोजण्यात चूक आहे किंवा स्टँड वाकलंय.

आता हे उदाहरण फळ्यावर घ्या. समजा,

– जुन्या स्टँडची भोकं ४०० × ३०० मि.मी. आयतावर आहेत. कर्ण ५००.
– नव्या करवतीची भोकं ४८० × २०० मि.मी. आयतावर आहेत. कर्ण ५२०.

विचारा, भोकं किती मि.मी.नी चुकताहेत? बहुतेक मुलं सांगतील, “सर, वीस!” कुणी म्हणेल, “दोन्हीकडे दहा-दहा. भोकं थोडी मोठी केली की झालं!”

मग दोन्ही आयतांचे मध्य एकावर एक ठेवून कागदावर काढायला लावा. प्रत्येक भोक लांबीच्या दिशेने ४० मि.मी. बाहेर गेलंय आणि रुंदीच्या दिशेने ५० मि.मी. आत आलंय. पायथागोरस लावा : १६०० अधिक २५००, म्हणजे ४१००, त्याचं वर्गमूळ सुमारे ६४. प्रत्येक भोक तब्बल ६४ मि.मी. चुकतंय! कर्ण जवळपास सारखे असले म्हणून आकार सारखे होत नाहीत, हे पाठ्यपुस्तकातल्या दहा उदाहरणांनी जेवढं ठसणार नाही तेवढं या एका चित्राने ठसतं.

पायरी ३ : जुगाड नको, मधली फळी

इथे लोक काय काय करतात ते मुलांना माहीत असतं. कुणी दोनच बोल्ट लावतं, कुणी तारेने आवळतं, कुणी म्हणतं वेल्डिंग मारून टाका. प्रत्येकावर चर्चा करा. दोन बोल्टवर करवत बिजागरीसारखी उचकते. तार थरथराटाने सैल होते. वेल्डिंगचं तर विचारूच नका. करवतीची बैठक बहुधा ॲल्युमिनिअमच्या ओतकामाची असते, ती लोखंडाला अशी जोडली जात नाही, आणि कंपनीची हमीही जाते.

साधा, भक्कम उपाय म्हणजे दोघांच्या मध्ये प्लायवूडची फळी. फळीत चार भोकं स्टँडसाठी, चार करवतीसाठी. फळी आधी स्टँडला आवळायची, मग करवत फळीला.

भोकं आखायला वर्तमानपत्राचा साचा वापरा. चार जणांनी धरून करवत कागदावर ठेवा, बैठकीच्या भोकांतून पेन्सिल सरळ उभी धरून गोल काढा. स्टँडचाही तसाच साचा. दोन्ही साच्यांवर मध्यरेषा काढा आणि त्या फळीवरच्या मध्यरेषेशी जुळवा. ८ मि.मी. बोल्टला ९ मि.मी.चं भोक पाडा. तो एक मिलिमीटर मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणजे चारही बोल्ट आत जाईपर्यंत करवत जरा हलवता येते. स्टँडच्या बोल्टची डोकी फळीच्या वर येऊ देऊ नका, खोलगट खाच करून आत बसवा.

बोल्टची लांबी अंदाजाने आणू नका, बेरीज करा. बैठकीचा कान १०, फळी १८, दोन वॉशर ३, नट ८ आणि नटाबाहेर दोन-तीन आटे म्हणून ३. एकूण ४२. बाजारात मिळणारं पुढचं माप ४५. मुलांना हार्डवेअरच्या दुकानात ही बेरीज घेऊन पाठवा.

चारही नट आधी हाताने लावा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने थोडे-थोडे आवळत जा. गाडीचं चाक बसवताना मेकॅनिक करतो तसंच.

मांडव्याच्या हवेतलं रसायनशास्त्र

या फळीचा आणखी एक फायदा आहे, आणि तो किनाऱ्यावरच्या माणसांनी जरूर लक्षात घ्यावा. ॲल्युमिनिअमची बैठक थेट लोखंडी स्टँडवर ठेवली, रंग कुठे खरवडला आणि खारा दमटपणा मध्ये शिरला, की काय तयार होतं? दोन वेगळे धातू आणि मिठाचं पाणी, म्हणजे चक्क एक विद्युतघट. त्यात जास्त क्रियाशील धातू झिजतो. दहावीच्या धातूंच्या क्रियाशीलता श्रेणीत ॲल्युमिनिअम लोखंडाच्या वर आहे, म्हणून नुकसान महागड्या करवतीचं होतं. कानाभोवती पांढरी भुकटी दिसायला लागते ती हीच. मध्ये लाकडी फळी असली आणि बोल्टच्या जोड्या वेगळ्या असल्या की दोन धातू एकमेकांना शिवत नाहीत. बोल्ट जस्त चढवलेले घ्या, आट्यांना थोडं ग्रीस लावा, फळीच्या कडा रंगवून बंद करा.

थळ, रेवस, बोडणीकडच्या कोळी घरांतल्या मुलांना विचारा, बोटीच्या तळाला जस्ताचे तुकडे का लावलेले दिसतात? लोखंडाऐवजी जस्त झिजावं म्हणून. एखादं पोर हे तुमच्याआधी सांगेल.

पायरी ४ : उंची जुळवणं

स्टँडच्या दोन्ही हातांवर लांब पट्टी टेकायला आधार असतात. त्यांची उंची जुन्या करवतीच्या टेबलाइतकी लावलेली होती. समजा जुनं टेबल ८५ मि.मी. उंच होतं, नवं ७५ आहे, पण खाली १८ ची फळी आली. म्हणजे ९३. आधार ८ मि.मी. वर घ्यायला हवेत. करवतीच्या टेबलावरून दोन्ही आधारांपर्यंत सूतडोरी ताणा, फट दिसता कामा नये.

“आठ मिलिमीटरने काय होतंय?” असं कुणीतरी म्हणणारच. कापताना पट्टीचं टोक खाली लोंबलं तर काप पात्यावर मिटतो, पातं आवळलं जातं आणि लाकूड उसळतं. अपघात बहुतेकदा अशा ‘काय होतंय’मधूनच होतात.

पायरी ५ : तपासणी

प्लग अजून बाहेरच. पातं खाली आणून अडकवा आणि गुण्या लावून दोन गोष्टी बघा : पातं टेबलाशी काटकोनात आहे का, आणि मागच्या आडव्या पट्टीशी काटकोनात आहे का.

मग सुतारकाका पहिला काप घेतील. मुलं दोन-तीन मीटर लांब, बाजूला, चष्मे घालून. प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच. १,६५० वॉटला २३० व्होल्टने भागलं तर सात अँपिअरच्या वर जातं, ६ अँपिअरचं सॉकेट पुरत नाही. ओढणी, सैल बाह्या, कडी-बांगड्या नकोत. फिरत्या पात्याजवळ हातमोजेही नकोत, ते ओढले जातात. काप झाल्यावर पातं पूर्ण थांबू द्यायचं, मगच वर उचलायचं.

सरळ कापलेल्या पट्टीचा एक तुकडा उलटा करून दुसऱ्याला भिडवा. फट दिसली तर चूक तिच्या निम्मी आहे, कारण उलटल्यावर चूक दुप्पट दिसते.

शेवटी चौकोनी फ्रेम. चार पट्ट्या, प्रत्येकीला दोन टोकं, म्हणजे ४५ अंशांचे आठ काप. प्रत्येकात फक्त अर्ध्या अंशाची चूक एकाच बाजूला झाली, तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंश साचतात. ५ सें.मी. रुंद पट्टीवर ती जवळपास ५ मि.मी.ची फट! लहान चूक साठत जाऊन कुठे बाहेर येते, हे मुलांनी हातात धरून बघावं.

मूल्यमापनासाठी

१. भोकं ३६० × १६० आणि ३०० × २०० मि.मी. आयतांवर असतील तर प्रत्येक भोक किती चुकतं? (उत्तर : सुमारे ३६ मि.मी.)
२. फळी १२ मि.मी.ची वापरली तर बोल्ट किती लांबीचा हवा?
३. स्टँड टाकून द्यावं असं कोणत्या तीन खुणांवरून ठरवाल?

पालकांसाठी दोन शब्द

शिक्षणात हाताच्या कामाला जागा द्यायचा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली, आणि १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू करून तो विचार यंत्रांपर्यंत नेला. तरी अजून घरात कुणी पाना हातात घेतला की आपण म्हणतो, “तू अभ्यास कर, ते मिस्त्री बघेल.” पुढच्या वेळी मिस्त्री घरी आले, की मुलाला मोजपट्टी देऊन त्यांच्या शेजारी बसवा. काकांना आधी विचारा, आणि मुलाला सांगा : प्लग कुठे आहे ते सगळ्यात आधी बघायचं.